पडद्यामागचा लुकमा

"मदरशात? तुम्ही?" असं विचारताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला आता पाठ झालंय. लेकीकडे माटुंग्याला गेले की सकाळी मी शिवाजी पार्कला फेरी मारते. तिथे कट्ट्यावर बसणाऱ्या एक बाई आहेत, स्वभावाने चांगल्या. त्यांनी परवा माझ्या मराठीचं कौतुक केलं आणि शाळा कुठली विचारली. मी म्हटलं, सकाळी म्युनिसिपालटीची मराठी शाळा आणि दुपारी मदरसा. झालं! बाई एकदम माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, जसं काही मी आजारातून उठलेय. आणि हे फक्त कट्ट्यावरच्यांचं नाही बरं का. आमच्यातले शहाणेही काही कमी नाहीत. मी हे लिहायला घेतलंय म्हटल्यावर एका नातेवाइकाने फोन करून सांगितलं, "जुलेखाबुबू, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" का नको? माझं घर, माझा मदरसा, माझा चव्हाटा. दोन्हीकडच्यांना थोडं झोंबलं तर मला वाईट वाटणार नाही.

मदरसा म्हटल्यावर घुमट आणि मिनार डोळ्यांसमोर आणू नका. परळच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर लागून दोन खोल्या होत्या, एक मोठी आणि एक लहान, मध्ये दार. त्या आमच्या गावच्या जमातीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाच्या. आम्ही कोकणी मुसलमान, खाडीकाठच्या एका गावचे. गावातले पुरुष मुंबईला आले की पहिली पथारी या मोठ्या खोलीत पडायची. कोणी गोदीत जायचं, कोणी जहाजावर, कोणी गिरणीत. रात्री तिथे झोपणारे सकाळी कामावर गेले की पथाऱ्या गुंडाळून भिंतीला लागायच्या आणि खोलीचा मदरसा व्हायचा. आम्ही त्याला मकतब म्हणायचो. मोठ्या खोलीत मुलगे, त्यांना शिकवायला उस्ताद. लहान खोलीत मुली, त्यांना हमीदाबुबू. बुबू म्हणजे आमच्यात मोठी बहीण, पण हमीदाबुबू सगळ्या चाळीचीच बुबू होती. उस्तादांचा पगार जमात द्यायची आणि जेवण घराघरांतून पाळीने जायचं. आमची पाळी असली की मा सकाळपासून कावलेली असायची. नारळ खवून, वाटण वाटून, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या, वर लोणच्याची फोड. "अल्लाची किताब शिकवतंय तो माणूस," मा म्हणायची, "तेच्या ताटात पाण्यासारखं कालवण जाता नये." हमीदाबुबूला मात्र पगारही नव्हता आणि पाळीही नव्हती. ती विधवा, शिलाई करून पोट भरायची आणि आम्हाला शिकवायची ती सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

मकतबात एक पद्धत होती, ती बाहेरच्या माणसाला वेडेपणाच वाटेल. सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचं, मोठ्याने, आणि प्रत्येकाचा धडा वेगळा. कोणी कायद्यावर, म्हणजे अक्षर ओळखायच्या पहिल्या पुस्तकावर, कोणी पहिल्या पाऱ्यावर, कोणी दहाव्या. कुराणाचे तीस भाग, ते पारे. सगळ्या पोरी मागेपुढे झुलत, आपापल्या सुरात, गळा फाडून. या गोंगाटात हमीदाबुबू मशीनवर कोणाचं तरी पोलकं शिवत बसलेली असायची आणि मान वर न करता म्हणायची, "शबाना, खेचून वाच. जुलू, मघाशी काय खाल्लंस तो शब्द?" एवढ्या आवाजात तिला एकेकीची चूक वेगळी ऐकू कशी यायची? आता मी स्वतः इतकी वर्षं शिकवल्यावर मला माहीत आहे. आवाज थांबला की चूक असते. पोरगी वाचत असते तोवर ठीक, अडखळली की तेवढंच भोक पडतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या कांबळेकाकू तर म्हणायच्या की तुमचा हा गलका बंद झाला की मी भात उतरवते. त्या बौद्ध, त्यांच्याकडे बुद्धवंदना हळू आवाजात व्हायची. "आमचं कसं शांत," त्या डिवचायच्या. "तुमचा देव लांब राहतो काय गं?" आम्ही खो खो हसायचो.

माझा आवाज सगळ्यांत मोठा. हमीदाबुबू म्हणायची, हिला गोदीवर ठेवा, भोंग्याचा खर्च वाचेल. वाचून झालं म्हणजे तीसही पारे पाहून वाचता यायला लागले की मुलीची 'आमीन' व्हायची. नवा सलवार-कमीज, डोक्यावर मोगरा, पुढ्यात मिठाईची परात. मुलीने शेवटच्या सूरा, म्हणजे अध्याय, वाचायच्या आणि जमलेल्या बायकांनी प्रत्येक दुवेला आमीन म्हणायचं. मग मोठी अकनी, म्हणजे आमचा मटणाचा पुलाव, आणि नारळाच्या दुधातली सांदणं. माझ्या आमीनला मी हमसून हमसून रडले. बायका म्हणाल्या, "किती नरम दिलाची पोर!" नरम? मला राग आला होता. कारण आमीन म्हणजे मुलींचा शेवट. मुलगे त्यानंतर पाठ करायला बसायचे, अख्खं कुराण तोंडपाठ केलं की हाफिज. मुलींनी परात वाटायची आणि घरी जायचं. मी हमीदाबुबूला विचारलं, "मी का नको पाठ करू?" ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "मना कोणी केलाय? पन ऐकनार कोन तुजं? तिकडं पुरुषांत बसवनार नाय, इकडं माझं स्वतःचं अर्धंच पाठ." मला अजून आठवतं, मी त्या दिवशी सांदण खाल्लंच नाही, आणि सांदण म्हणजे माझा जीव होता.

मग याकूब बसला पाठ करायला. याकूब माझा धाकटा भाऊ, सडपातळ, लाजरा, कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायचा. पाठांतराचं असं असतं की उस्तादांसमोर बसायच्या आधी घरी कोणीतरी ऐकावं लागतं. एकाने किताब धरायची, दुसऱ्याने न बघता म्हणायचं. आमच्याकडे किताब धरायची मी. संध्याकाळी मा चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, भाकऱ्या थापायची, बाबा गोदीतून येऊन पाय धूत असायचे, आणि आम्ही दोघं स्वयंपाकाच्या फळीखाली समोरासमोर. ज्या दिवसांत मला किताबेला हात लावायचा नसे त्या दिवसांत मा पिठाचे हात धुऊन, नमाजीआधी करतात तसा हातापायांचा वुजू करून ऐकायला बसायची आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर गप्प ऐकत राहायची. गप्प म्हणजे ओठ गप्प. आतमध्ये मी त्याच्या पुढे असायची. त्याचं पान संपायच्या आधी मला पान पाठ झालेलं असायचं. बाबांनी एकदा ते पाहिलं आणि हसले.

याकूबची एक खोड होती, आणि ती फक्त पाठ करणाऱ्यालाच असू शकते. कुराणात एकच गोष्ट पुष्कळ ठिकाणी येते, शब्दांच्या थोड्या फरकाने. पैगंबर हजरत मूसा आणि मिसरचा बादशहा फिरऔन याच्या जादूगारांची गोष्ट तशीच. जादूगार मूसांपुढे हरतात, कपाळ जमिनीला टेकून सजद्यात पडतात, आणि फिरऔन त्यांच्यावर खवळतो. ही गोष्ट सांगता सांगता माणूस एका सूरेतून दुसऱ्या सूरेत कधी घसरतो ते त्यालाही कळत नाही. आमच्या चाळीत पाहुणा दुसऱ्या मजल्याऐवजी तिसऱ्यावर जाऊन दार ठोठवायचा, दारं सगळी सारखीच, तसंच ते. याकूब तिथे दर वेळी घसरायचा. मी दर वेळी किताबेवर बोट आपटायची. "परत गेलास वरच्या माळ्यावर. ये खाली." तो कान पकडायचा आणि आम्ही पुन्हा सुरुवात करायचो.

त्या वर्षी रमजानात जमातीने ठरवलं, तरावीह याकूब पढवेल. तरावीह म्हणजे रमजानात रोज इशानंतरची, म्हणजे रात्रीच्या नमाजीनंतरची, लांब नमाज. हाफिज पुढे उभा राहतो आणि महिनाभरात अख्खं कुराण पाठ म्हणून पुरं करतो. त्याच्या मागच्या ओळीत एक जण कान देऊन उभा असतो. हाफिज अडला, चुकला, की त्याने तिथूनच पुढचे शब्द सांगायचे. त्याला लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. हाफिज तो घास घेतो आणि पुढे चालू लागतो. याकूबच्या मागे उभा राहणार होता हाजीसाहेबांचा पुतण्या, तोही हाफिज. हाजीसाहेब म्हणजे जमातीचे अध्यक्ष, चांगले धष्टपुष्ट, दाढीला मेंदी, आणि चाळीत कोणाच्या घरी काय शिजतंय इथपासून सगळ्यात मत असलेले. ईदनंतर जलसा होता. त्यात नव्या हाफिजाच्या डोक्याला दस्तार, म्हणजे मानाचा फेटा बांधायचे. तेव्हा स्टेजवरून मोठ्याने पुकारायचे: अमुक हाफिज, अमक्याचा मुलगा, तमक्या उस्तादांचा शागीर्द. तीन नावं, आणि तिसरं नाव ऐकताना उस्ताद मान खाली घालून बसायचे. आमच्या माने पांढऱ्या मलमलचा तागा आधीच आणून पेटीत ठेवला होता. येता-जाता ती पेटी उघडून हात फिरवायची आणि परत बंद करायची.

तरावीह मोठ्या खोलीत व्हायची. मशीद लांब, आणि गोदीवरून थकून आलेल्यांना तेवढं चालवत नसे. मधल्या दाराला पडदा लावून लहान खोलीत आम्ही बायका उभ्या राहायचो. दिवसभराचा उपास, मग इफ्तारीची भजी, खजूर, फालुदा, पोट जड, आणि त्यात पंखा एकच, तोही पुरुषांकडे. आठवडाभर याकूब छान वाचत होता. शेजारची आजी माझ्या मांडीला कोपर मारून म्हणाली, "काय गळा दिलाय अल्लाने!" माचं नाक त्या दिवसांत जरा वरच असायचं.

आणि मग ती गोष्ट आली, जादूगारांची. मला पडद्याआडही घाम फुटला. हाजीसाहेबांचा पुतण्या त्या दिवशी नेमका आला नव्हता, दाढ दुखत होती म्हणे, आणि त्याच्या जागी कोणीतरी उभं असेल असं प्रत्येकाला वाटलं. उस्ताद गावी गेलेले, कोणाच्या तरी मयतीला. याकूब वाचत गेला, जादूगार सजद्यात पडले, फिरऔन बोलायला लागला आणि याकूब गेला वरच्या माळ्यावर. लगेच त्याच्या लक्षात आलं. थांबला. मागची आयत, म्हणजे ओळ, पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच. पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच. खोली भरून माणसं उभी आणि कोणाला पुढचं येत नाही. मी सांगितलं ना, आवाज थांबला की भोक पडतं. ते भोक मोठं होत चाललं होतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

बाईने नमाजीत इमामाची चूक दाखवायची तर आवाज काढायचा नाही, हातावर हात मारायचा. हे मला माहीत होतं. मी मारला. कान देऊन वाचा बरं का, कारण नंतर लोकांनी सांगितलं की पोरगी सरळ ओरडली. नाही. मी आधी नियम पाळला. एकदा मारला, पुन्हा मारला. पण टाळीने काय कळतं? चूक झाली एवढंच कळतं. ते त्या बिचाऱ्याला माहीतच होतं. त्याला घास हवा होता आणि मी रिकामं ताट वाजवत होते. मग मी दिला. पडद्यामागून, माझ्या त्या गोदीच्या भोंग्यासारख्या आवाजात, पुढची आयत. आणि याकूबने ती उचलली, माझे शब्द संपायच्या आतच, आणि वाचत गेला, न अडखळता, पाण्यासारखा, रुकूत वाकेपर्यंत. खरं सांगू? इतका आनंद मला आमीनलाही झाला नव्हता आणि लग्नातही नाही.

सलाम फिरवून नमाज संपल्यावर जे काही सुरू झालं! पुरुषांच्या खोलीतून हाजीसाहेबांचा आवाज आला, "कोनाची पोरगी ती?" जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. कोणी म्हणे नमाज मोडली, कोणी म्हणे परत पढा. बायका माझ्यापासून सरकून उभ्या राहिल्या, फक्त हमीदाबुबू माझा हात घट्ट धरून होती. उस्ताद दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नमाज झाली, परत पढायची गरज नाही. पण हाजीसाहेबांचं समाधान कुठे व्हायला? ते म्हणाले, नमाजीचा सवाल नाही, अदबीचा आहे. पुरुषांच्या कानावर जवान पोरीचा आवाज! रविवारी असरनंतर, म्हणजे दुपारच्या शेवटच्या नमाजीनंतर, जमातीची बैठक. तोवर घरोघरी निरोप फिरला होता की पोरीने माफी मागावी आणि याकूबने सांगावं की आयत त्याची त्यालाच आठवली, पोरीच्या आवाजावर तो थांबलाच नव्हता. तेवढं केलं की सगळं माफ, दस्तारही बांधू. नाहीतर दस्तार नाही, आणि मुलींचं मकतब बंद. हे सगळं तिथूनच येतं म्हणे.

घरी बाबा माझ्यासमोर बसले. आयुष्यात ते माझ्याशी इतक्या हळू कधी बोलले नव्हते. "जुलू, मी गावसून आलो तवा या खोलीत माका जागा दिलान जमातीनं. अंगावरच्या कपड्यानिशी आलो होतो. तेंच्यासमोर मान वर करून मी कसा बोलू? एक शबूद गो. माफी म्हणजे काय, हवेत जातो शबूद." मला बाबांची फार दया आली. पण मी म्हटलं, "बाबा, चुकला तो. मी बरोबर सांगितलं. बरोबर सांगितल्याची माफी कशी मागायची, ते मला कोणी शिकवलंच नाही." मा भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघत म्हणाली, "आनि जे लोक आठ दिस तिच्या भावाच्या मागं उभं राहिलं, तेंना विचारा, त्याला तयार कोनी केलान." बाबा उठून गॅलरीत गेले. याकूब कोपऱ्यात बसून होता, कोणाकडे बघत नव्हता. मला भीती वाटत होती ती त्याचीच. मी काही माफी मागणार नव्हते, ते मला पक्कं माहीत होतं. पण त्याच्या तोंडातून एक खोटं वाक्य बाहेर पडलं असतं की मी संपले असते. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. लुकमा नमाजीत देतात, असल्या वेळी नाही.

रविवारी मोठ्या खोलीत बैठक बसली. लहान खोलीतही माणसं भरली, त्यामुळे मुलींच्या वर्गाला जागा उरली नाही. आता हमीदाबुबू काय करेल? घरी जा म्हणेल? ती मशीन उचलून बाहेर गॅलरीत आली, बरोबर बैठकीच्या खिडकीखाली, आणि म्हणाली, "बंद करायचं ठरलं काय? नाय ना अजून? मंग बसा. सबक काढा. आनि जोरात हां, उपासाचं निमित नको." पोरी बसल्या. कांबळेकाकूंनी दारातून पाहिलं, आत गेल्या आणि मोठी चटई आणून अंथरली. "फरशी तापलीय, पोरींचे पाय भाजतील," एवढंच बोलल्या आणि आपल्या उंबऱ्यावर तांदूळ निवडायला बसल्या, तोंड बैठकीकडे. आणि सुरू झालं. प्रत्येकीचा धडा वेगळा, प्रत्येकीचा सूर वेगळा, कोरड्या घशाने, झुलत झुलत. आत हाजीसाहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि त्यांचं पहिलंच वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही. "काय? काय म्हणाले?" मागून कोणीतरी विचारलं. त्यांनी आवाज चढवला. पोरींनीही चढवला. कोणीतरी खिडकीतून ओरडलं, "चूप करा त्यांना!" हमीदाबुबू पायडल मारत म्हणाली, "कुरान वाचतायत. चूप करा असं तुमीच येऊन सांगा, मी नाय सांगनार." कोण येतंय? रमजानात कुराण वाचणाऱ्या पोरींना गप्प बसवायची कोणाची छाती नव्हती.

मला दारात बोलावलं. हाजीसाहेबांनी ओरडून विचारलं, "माफी मागतेस काय?" मी तितक्याच जोरात म्हटलं, "नाय." बरं झालं गलका होता, नाहीतर माझा आवाज कापला होता ते सगळ्यांना कळलं असतं. मग त्यांनी याकूबला उभं केलं. "बोल बेटा. आयत तुजी तुला आठवली, हय ना? एवढं बोल आनि बस." आणि त्याच वेळी काय झालं, हमीदाबुबूने हात वर केला असावा, बाहेरच्या पोरी एकदम थांबल्या. याकूब, जो हाक मारली तरी दचकायचा, तो सगळ्या जमातीकडे बघत म्हणाला, "नाय आठवली. मी बुबूचा लुकमा घेतला. रोज घेतो. इथं उस्तादांना ऐकवतो ते आधी तिच्यासमोर पाठ करतो. मी तिचा शागीर्द हय." मग त्याने खाली पाहिलं आणि बसला.

हाजीसाहेब लाल झाले. ते म्हणाले, मग ठरलं तसं होईल, दस्तार नाही आणि मुलींचा वर्गही नाही. तेव्हा उस्ताद बोलले. ते बैठकीत कधी बोलत नसत, पगारी माणूस, त्यांना बोलायची सवयही नव्हती. म्हणाले, "दस्तार तुमची, बांधा न बांधा. वर्गाचं मला विचारा. माझ्याकडे जे मुलगे पाठ करतात, त्यांचं घरी कोण ऐकतं? बाप तर गोदीत." आणि त्यांनी तिथेच बसलेल्या मुलांना एकेकाला विचारलं. आई. बुबू. आई. मोठी बहीण. नानी. आणि हाजीसाहेबांचा तो दाढदुख्या पुतण्या, तो सगळ्यांत हळू म्हणाला, "भाभी." "मुलींचा वर्ग बंद केलात," उस्ताद म्हणाले, "की दोन सालांत मुलांचा आपोआप बंद होईल. मी मग माझ्या मुलखाला परत जाईन." आणि तेव्हा बाबा उठले. माझे बाबा! टोपी सारखी केली आणि एवढंच म्हणाले, "माजी पोरगी माफी मागनार नाय. आमी जातो." आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आले. बाहेर पोरींनी लगेच परत वाचायला सुरुवात केली.

वर्ग बंद झाला नाही. त्यापुढे हमीदाबुबूच्या घरीही पाळीने ताट जायला लागलं. कोणी ठराव केला नव्हता, बायकांनीच सुरू केलं. तरावीह त्या वर्षी दुसऱ्या कोणी पुरी केली आणि पडद्यामागे यायची मला बंदी झाली. ईदनंतरच्या जलशात याकूबच्या डोक्याला काही बांधलं गेलं नाही. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढे तो आखातात गेला तेव्हा मला वाटायचं की या राहिलेल्या फेट्यामुळेच तो गेला असेल, आणि ते मला आजही टोचतं. माने पेटीतला मलमलचा तागा काढला, दोनदा घडी घालून पाहिला, आणि कात्री घेतली. त्याची तिने कुराणाला घालायची कव्हरं शिवली, नाडीची, आम्ही त्याला जुझदान म्हणतो. पहिलं मला. बाकीची हमीदाबुबूच्या वर्गातल्या मुलींना, जितक्यांना पुरली तितक्यांना. पुढे उस्तादांनी मुलखाहून बायकोला आणलं, तिच्यासमोर ऐकवून मी उरलेले पारे पुरे केले. उस्ताद दाराबाहेर वेताच्या मोढ्यावर बसून ऐकायचे आणि चुकलं की खोकायचे. मला कोणी हाफिज म्हणून पुकारलं नाही. सकाळी मी म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकवलं आणि दुपारी हमीदाबुबूच्या जागी बसले, तिची नजर गेली तेव्हापासून. फिरऔन जादूगारांवर नेमका कशाने खवळला होता, ते मला अर्थासकट पुढे कळलं. त्याला विचारल्याशिवाय, त्याच्या परवानगीआधीच ते मूसांच्या बाजूने गेले होते म्हणून. वाचलं आणि मी किताब मिटून हसत सुटले. मा म्हणाली, पोरगी बिघडली.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. जमातीला त्यात तळमजल्यावर हॉल मिळाला, एसी लावलाय, पंख्याचा प्रश्न मिटला. मुलींचा वर्ग मुलांपेक्षा मोठा आहे, आणि त्यातल्या मुली पाठही करतात. कोणी विचारत नाही, ऐकणार कोण. जमातीचा अध्यक्ष आता हाजीसाहेबांचा नातू. पोरगा चांगला आहे, लॅपटॉप घेऊन हिंडतो. गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. याकूब परत आलाय ना आखातातून, कायमचा, तर यंदाच्या जलशात त्याला राहिलेली दस्तार बांधायची असं सगळ्यांनी ठरवलंय. मी चहा ठेवला. 

"फक्त एक अडचण हय, फुफू," तो म्हणाला. "पुकारताना तिसरं नाव लागतं, उस्तादांचं. मी आपल्या जुन्या उस्तादांचं लिहिलं होतं. तर याकूबचाचांनी खोडलं. म्हणतात, तुमचं लिही. नाहीतर फेटा घरीच ठेवा म्हणतात. आता स्टेजवरून, मोठ्या मोठ्या लोकांसमोर... म्हणजे माझं काही नाय, पन काही लोकांना नाय आवडनार. तुमचं ते ऐकतात. तुम्ही जरा सांगून बघा ना चाचांना."

मी त्याच्यापुढे कप ठेवला. म्हटलं, त्याला मी जेव्हा सांगायचं तेव्हा सांगितलंय, आता तो बरोबर वाचतोय, मध्ये बोलायचं मला काही कारण नाही. तू नाव घे. जुलेखा. पूर्ण घे, माझ्या बापाच्या नावासकट. आणि माईक लावलायत तो जवळ धर रे बाबा, मागच्या ओळीत ऐकू गेलं पाहिजे.